भाषण छान झालं, पण मागितलं काय?

आपल्या समाजात बोलणाऱ्यांची कमतरता नाही. शाळेचे स्नेहसंमेलन असो, मोहल्ल्याची बैठक असो की ग्रामसभा, माइक दिसला की ‘दोन शब्द’ बोलायला चार जण पुढे येतात. त्या दोन शब्दांना वीस मिनिटे लागतात आणि घरी जाताना ऐकणाऱ्याच्या हाती काय लागले, ते त्यालाही सांगता येत नाही. इतरांना दोष देण्याआधी आम्ही आमचीच चूक सांगतो.

कोकणातल्या आमच्या गावात मोहल्ला आणि शाळा यांच्यामध्ये एक ओढा आहे. पावसाळ्यात पाणी चढले की लहान मुलांची शाळा बुडते. मोठी मुले एकमेकांचा हात धरून पलीकडे जातात आणि ती परत येईपर्यंत घरी आईच्या जिवात जीव नसतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ऐनवेळच्या विषयांमध्ये इथे साकव मागायचा, असे ठरले. बोलण्याची जबाबदारी आमच्यावर आली.

आम्ही रात्री जागून चार पाने लिहिली. सरपंचांपासून पोलीस पाटलांपर्यंत सगळ्यांचे आभार, मग स्वातंत्र्यलढा, मग शिक्षणाचे महत्त्व, अधूनमधून शेर. साकवाचा उल्लेख आला तेव्हा पंधरा मिनिटे झाली होती आणि निम्मे लोक चप्पल शोधत होते. त्यातच ‘आमच्या मोहल्ल्यावर नेहमीच अन्याय होतो’ असे एक वाक्य आम्ही आवाज चढवून म्हटले. टाळ्या पडल्या, सभा संपली. ठराव मात्र झालाच नाही.

घरी आल्यावर शेजारच्या खालाने विचारले, “भाषण छान झालं रे. पण मागितलंस काय?”

त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला होती. मधल्या दिवसांत आम्ही भाषणाची तयारी नव्याने शिकलो. तेच इथे मांडत आहोत.

आधी ठरवा, मग लिहा

कागद घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ऐकणारे कोण आहेत? त्यांच्या हातात काय आहे? आणि भाषण संपल्यावर त्यांनी नेमके काय करावे?

आमच्या बाबतीत ऐकणारे फक्त मोहल्ल्यातले नव्हते. बाकीच्या वाड्यांचे लोकही समोर होते आणि हात त्यांनीही वर करायला हवा होता. ‘आमच्यावर अन्याय’ म्हटल्याबरोबर ते आपल्यापासून लांब गेले, हे आमच्या उशिरा लक्षात आले. खरे तर तीच वाट धरून पलीकडच्या वाडीतले लोक शेतावर जातात, डेअरीत दूध घालतात. साकव त्यांचाही होता. आम्हीच तो ‘आमचा’ करून टाकला होता.

मौलाना अबुल कलाम आझाद यांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत केलेले भाषण आजही आठवले जाते. फाळणीच्या दंगलींनी हादरलेले, घरदार सोडून निघण्याच्या बेतात असलेले लोक त्यांच्यासमोर होते. मौलाना विद्वान होते, कितीतरी विषयांवर बोलू शकले असते. पण ते समोरच्या माणसाच्या मनात त्या दिवशी जो प्रश्न होता त्यावरच बोलले: जायचे की राहायचे?

म्हणून संपूर्ण भाषणाचे सार एका वाक्यात लिहून काढावे. आमचे वाक्य असे होते: ‘शाळेच्या वाटेवर ओढ्यावर साकव व्हावा, असा ठराव आज करा.’ ज्या परिच्छेदाचा या वाक्याशी संबंध नाही, तो कितीही आवडता असला तरी बाजूला ठेवायचा. आमचे सगळे शेर असेच गेले. वाईट वाटले, पण भाषण हलके झाले.

कानासाठी लिहा

वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. त्यामुळे वाक्य छोटे आणि मुद्दे मोजके हवेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात लोकशाही टिकवण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या: घटनाबाह्य मार्ग सोडा, व्यक्तिपूजा टाळा, राजकीय लोकशाहीवर न थांबता सामाजिक लोकशाही आणा. विषय एवढा मोठा, तरी ऐकणाऱ्याला बोटांवर मोजता येईल अशी मांडणी. आपल्याला तर साकवच मागायचा असतो!

आम्हीही तीनच मुद्दे घेतले: अडचण काय, ती कुणाकुणाची, आणि मागणी काय. पहिल्या भाषणात आमचे एक वाक्य असे होते: ‘विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक प्रगतीमध्ये दळणवळणाच्या सुविधांचा अभाव हा मोठा अडथळा ठरत असल्याचे आम्ही आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो.’ हे ऐकून कुणाला काय दिसणार? मग आम्ही गुरुजींकडे जाऊन हजेरीपट पाहिला. नवीन वाक्य झाले: ‘जुलै महिन्यात आपल्या गावातली बावीस मुलं नऊ दिवस शाळेत पोचली नाहीत. ओढ्याला पाणी होतं.’

सुरुवात आम्ही याच वाक्याने केली. आभार एका ओळीत आटोपले. शेवट मागणीने केला, कारण लोक उठताना शेवटचे ऐकलेले घेऊन उठतात. विरोधात काय विचारले जाईल, तेही आधी लिहून काढले. ‘साकव तिथेच कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर शेतावर आणि डेअरीत जाणाऱ्या लोकांमध्ये होते. ते त्यांच्यापैकीच एका दादांनी द्यावे, अशी विनंती केली. ते आनंदाने तयार झाले.

मोठ्याने वाचा, मग कापा

लिहून झाले की काम निम्मेच होते. भाषण किमान तीनदा मोठ्याने वाचावे. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडावे. जिथे जीभ अडखळते तो शब्द बदलावा. मोबाइलवर वेळ लावावी. सावकाश बोलले तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांसाठी पाचशे शब्द पुष्कळ झाले. एकदा रेकॉर्ड करून स्वतःला ऐकावे. आम्ही दर दोन वाक्यांनंतर ‘म्हणजे’ म्हणतो, हे आम्हाला तेव्हा कळले.

कमी बोलणे हा कमीपणा नाही. जुम्याचा खुतबा आटोपशीर असावा, ही शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हदीसमध्ये आहे आणि खुतबा थोडक्यात देणे हे तिथे समजदारीचे लक्षण मानले आहे. अमेरिकेत १८६३ साली गेटिसबर्गच्या दफनभूमीच्या कार्यक्रमात मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर अध्यक्ष अब्राहम लिंकन जेमतेम पावणेतीनशे शब्द बोलले. आज जगाला लिंकनचे भाषण आठवते.

शेवटची परीक्षा घरच्यांसमोर द्यावी. आम्ही खालाला बसवले, भाषण म्हटले आणि विचारले, “काय मागितलं?” ती लगेच म्हणाली, “साकव. आणि आजच ठराव करा म्हणालास.” आम्ही पास झालो.

२ ऑक्टोबरला आम्ही चार मिनिटे बोललो. कागदावर फक्त पाच ओळी होत्या, बाकी पाठ न करता समजून घेतले होते. नजर माइकवर नाही, लोकांवर होती. पलीकडच्या वाडीतल्या दादांनी अनुमोदन दिले आणि ठराव नोंदवहीत लिहिला गेला.

साकव अजून व्हायचा आहे. मंजुरी, निधी, अंदाजपत्रक, सगळे पुढे आहे. पण पाठपुराव्यासाठी आता हातात ठरावाची प्रत आहे, नुसत्या टाळ्यांची आठवण नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी तुमच्या हातात माइक येईल, तेव्हा शेर जरूर शोधा. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मला मागायचे काय आहे?