दोन यमुना आणि जालन्याचं बेथेल

मराठी कादंबरीच्या पहिल्या चाळीस वर्षांत यमुना नावाच्या दोन नायिका भेटतात. पहिली बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली, १८५७ सालची. दुसरी हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमू. तिची कहाणी ‘करमणूक’मधून १८९०पासून क्रमशः आली आणि १८९३ साली तिचं पुस्तक झालं. दोघी लिहा-वाचायला शिकलेल्या, दोघी ऐन तारुण्यात विधवा होतात आणि दोघींसमोर केशवपनाचं संकट उभं राहतं. पहिली त्यातून निसटते, ख्रिस्ती होते, दुसरं लग्न करते. दुसरीचं वपन जबरदस्तीने होतं आणि तिची कहाणी मरणात संपते.

या दोघींना सासुरवाशिणीच्या छळाच्या कथा म्हणून वाचण्याची आपली सवय आहे. मला त्यांतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दोघींचे नवरे चांगले आहेत. पहिलीचा नवरा विनायक बायकोला बरोबर घेऊन मुलूख फिरतो, वाटेत भेटलेल्या विधवांची दुःखं दोघं मिळून ऐकतात. रघुनाथराव यमूला शिकवतो, मुंबईला नेतो. मुंबईतल्या त्या संसाराची प्रकरणं पुन्हा वाचून पाहा; हरिभाऊंनी इतकं मोकळं सुख क्वचितच लिहिलंय. मग नवरा जातो आणि सगळं हिरावलं जातं. शिक्षण, फिरणं, चारचौघांत बोलणं यांतलं काहीच तिच्या मालकीचं नव्हतं, ते नवऱ्याच्या चांगुलपणावर मिळालेलं होतं. सासरचे शंकरमामंजी दुष्ट आहेत म्हणून यमू मरते असं म्हणणं सोपं आहे. पण मामंजींना अडवणारा कायदा नव्हता, रीत नव्हती, घरातलं एक माणूसही नव्हतं.

१८५६चा पुनर्विवाहाचा कायदा होता ना, असं कुणी विचारेल. ‘यमुनापर्यटन’ त्याच्या दुसऱ्याच वर्षी आलं. पण त्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता देताना पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा विधवेचा हक्क काढून घेतला आणि केशवपनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. शिवाय तो कंपनी सरकारच्या मुलखापुरता होता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे इथल्या विधवेला तो कायदा नव्हताच.

आणि तरीही पहिल्या यमुनेच्या शेवटाशी जालन्याचं नातं आहे. ती समाजाबाहेर पडते, पण बाहेर पडून राहायचं कुठे? पदमनजी मुंबईत फ्री चर्चच्या शाळेत शिकले. त्याच मिशनच्या नारायण शेषाद्रींनी १८४३ साली धर्मांतर केलं होतं. त्यांच्यामागोमाग मिशनकडे गेलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या हवाली केलं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा सनातनी मंडळी बाळशास्त्र्यांवरच उलटली. बाहेर गेलेल्याला परतीची वाट नव्हती. पुढे हेच नारायण शेषाद्री जालन्यात आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. पदमनजींचा शेवट प्रचारकी आहे, अशी टीका नेहमी होते आणि ती खरीही आहे. पण जातीबाहेर पडलेल्यांना जगण्यासाठी अख्खं गाव नव्याने उभारावं लागतं, हे जालन्याने डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या जांबचा नारायण ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघून गेला, ही समर्थांची कथा इथे घरोघर सांगतात. त्या जाण्यात आपल्याला वैराग्य दिसलं. बाई घरातून निघाली तर तिच्यासाठी असा एकही आदराचा शब्द आपण ठेवला नव्हता.

या दोघींचं दुःख सगळ्या समाजाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. बेथेलमध्ये आलेली बहुतेक माणसं मांग-महार समाजांतली होती. त्यांच्यात आणि शेतकरी जातींत विधवेचा पाट लागत असे, वपनाचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या बायकांचे हाल निराळे होते, ते या दोन कादंबऱ्यांत येत नाहीत.

इंग्रजी कादंबरीही त्या काळात आपल्या काही नायिकांना जगू देत नव्हती. जॉर्ज एलियटची मॅगी टलिव्हर १८६० साली पुरात बुडाली. हार्डीची टेस १८९१ साली, यमूसारखीच साप्ताहिकातून क्रमशः येत, फासावर गेली. मात्र आपल्याकडे पुस्तकाबाहेर काही हलत होतं. १८८९मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९०मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं वपन करायचं नाही असा निर्धार केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ पुस्तकरूपात आलं त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. जालन्यातही असे ठराव व्हायलाच हवेत. पण यमूकडे नव्हतं ते मंगळसूत्राच्याही पलीकडचं होतं. १९५६च्या वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला आहे. शेतकरी आत्महत्या झालेल्या मराठवाड्यातल्या घरांत तो वाटा सातबाऱ्यावर चढणं, हाच तिच्या जगण्याचा आधार आहे. ज्या ग्रामसभेत हा ठराव होईल, त्याच सभेत तलाठ्याने गावातल्या प्रत्येक विधवेचा वारस फेरफार वाचून दाखवावा, एवढी मागणी मी करते.