मन सावरायचा रोजचा सराव

कधी राग येऊ नये, कधी दुःख होऊ नये, असं मन कुणालाच मिळत नाही. कणखर मनालाही लागतंच. ते लवकर सावरतं, एवढंच. हे सावरणं सरावानं शिकता येतं.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांना माइंडफुलनेस, म्हणजे सजगता, शिकवायला सुरुवात केली. अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा. मुळं बौद्ध ध्यानपरंपरेतली. इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिकवली जाणारी विपश्यनाही त्याच परंपरेतली.

घरी खुर्चीत किंवा चटईवर दहा मिनिटं बसा. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. आत जाताना नाकपुडीला गार आणि बाहेर पडताना कोमट लागणारी हवा फक्त टिपायची. चार श्वासांत मन मुलांच्या फीकडे, कालच्या भांडणाकडे धावेल. त्याच्यावर चिडू नका. पुन्हा श्वासाकडे या. ‘मला जमत नाही’ म्हणून बरेच जण इथेच उठतात. पण मन भरकटल्याचं कळणं आणि त्याला परत आणणं, हाच तर खरा व्यायाम.

याचा उपयोग भांडणाच्या वेळी कळतो. राग आधी अंगात उतरतो: जबडा आवळतो, कान तापतात. रोज लक्ष द्यायची सवय असली की ही चाहूल लागते आणि तोंडून शब्द सुटण्याआधी क्षणभर उसंत मिळते.

उदासीचंही तसंच. ‘माझं काहीच धड होणार नाही’ हा विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे ओळखता आलं की तो विचार उगाळणं कमी होतं. जॉन टीस्डेल आणि सहकाऱ्यांचा याविषयीचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य तीन किंवा अधिक वेळा येऊन गेलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारांवर असलेल्या ६६ टक्के जणांना ते पुन्हा आलं. सजगतेवर आधारित उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं.

मात्र सजगता म्हणजे अन्याय मुकाट सोसणं नव्हे, आणि ती औषधांची जागाही घेत नाही. गोळ्या परस्पर बंद करू नका. डोळे मिटल्यावर जुने आघात उसळून येत असतील, तर थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे.

मन ढासळल्यावर सराव सुरू करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. म्हणून सगळं सुरळीत असतानाच बसायला लागा. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधीची दहा मिनिटं त्यासाठी पुरेशी आहेत.