एक घर, तीन भाडेकरू : आपसातला करार कसा करावा?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, गुरुग्राम, इंदूर अशा शहरांत गेलेली आपली मुलं-मुली सहसा एकट्यानं घर घेत नाहीत. एकट्याला भाडं झेपत नाही, आणि डिपॉझिट तर त्याहून झेपत नाही. मग दोघं-तिघं मिळून फ्लॅट घेतात. घर शोधताना सगळे मिळून फिरतात, घरमालकाशी घासाघीस करतात, करारावर सह्या करतात. पण एकमेकांशी काय ठरलं, हे कुणीच लिहून ठेवत नाही. आजचा भाग त्याबद्दल आहे.

वाटून राहणं आपल्याला नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत अनेक कामगार राहत. दिवसपाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे त्याच जागेत झोपत, आणि जेवण खाणावळीत महिन्याच्या हिशेबानं. गोव्याहून आलेल्यांसाठी मुंबईत गावागावाचे 'कूड' होते, त्यांचे वेळेचे, स्वच्छतेचे, वर्गणीचे नियम होते. पुण्यात विद्यार्थी वर्षानुवर्षं 'कॉट बेसिस'वर राहत आले. पण जिथे एका गावची माणसं एकत्र राहत, तिथे पैसे बुडवणाऱ्याची बातमी गावी पोचायची, आणि नियम पाळले जायचे ते त्या धाकानं.

आज एका फ्लॅटमध्ये राहणारे तिघं तीन राज्यांतले असतात, कधी मोबाइलवरच्या जाहिरातीतून पहिल्यांदा भेटलेले असतात. त्यांच्यात समाईक काका नसतो, गाव नसतं. म्हणून जे काम तेव्हा गावाची ओळख करायची, ते आता कागदाला करावं लागतं.

करार दोन असतात

पहिला करार तिघांचा घरमालकाशी. महाराष्ट्रात तो 'लिव्ह अँड लायसन्स' असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. इतर अनेक राज्यांत अकरा महिन्यांचा करार करण्याची रीत आहे, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्यानं सक्तीची आहे.

दुसरा करार तिघांचा एकमेकांशी. तो बहुतेक घरांत नसतोच. तो नसला तर काय होतं, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ४३ सांगतं. त्यात तीन गोष्टी आहेत.

एक : अनेकांनी मिळून एक वचन दिलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर समोरचा माणूस त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून ते पूर्ण करून घेऊ शकतो. म्हणजे ३६,००० रुपये भाडं तिघांनी मिळून कबूल केलं असेल, तर घरमालक एकाकडेच सगळे ३६,००० मागू शकतो. "माझा वाटा मी दिला, बाकीच्यांचं त्यांना विचारा" हे उत्तर तिथे चालत नाही.

दोन : ज्यानं सगळे भरले, तो इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करू शकतो. पण हा वाटा समान धरला जातो, करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर.

तीन : एखाद्यानं आपला वाटा बुडवला, तर ते नुकसान उरलेल्यांनी सारखं वाटून घ्यायचं.

यातली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुम्ही तोंडी ठरवलं की मोठ्या खोलीवाल्यानं १४,००० द्यायचे आणि छोट्या खोलीवाल्यानं १०,०००. चांगलं ठरवलं. पण उद्या वाद झाला आणि कागद नसला, तर कायदा तिघांचा वाटा १२,००० धरेल. तुमचं ठरलं होतं, हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. म्हणून ते लिहा, आणि तिघांनी सह्या करा.

इथे एक सावधगिरी. घरमालकाच्या करारात तिघांचीही नावं हवीत. एकाच्याच नावावर घर असेल, तर घरमालकाच्या लेखी जबाबदार तो एकटा. आणि बाकीचे दोघं त्या घरात कुणाच्या हक्कानं राहतात, हा प्रश्न कधीही उभा राहू शकतो. पोटभाडेकरू ठेवायला बहुतेक करारांत मनाई असते. नोकरदारांना आणखी एक फायदा आहे. घरभाडे भत्त्याची करसवलत ज्यानं भाडं खरोखर दिलं त्यालाच मिळते. नाव करारात असेल, आपला वाटा आपल्याच खात्यातून गेला असेल आणि तेवढ्याची पावती असेल, तर ऑफिसात अडचण येत नाही.

भाडं कसं वाटायचं?

सारखे तीन भाग सोपे, पण खोल्या सारख्या नसतात. एकीला स्वतंत्र बाथरूम आणि बाल्कनी, दुसरी रस्त्याच्या बाजूची, तिसरीत फक्त एक पलंग आणि कपाट मावतं.

यावर साधा उपाय म्हणजे एकानं तिन्ही खोल्यांचे दर लावायचे, बेरीज ३६,००० झाली पाहिजे. मग उरलेल्या दोघांनी आधी खोल्या निवडायच्या, आणि दर लावणाऱ्यानं उरलेली घ्यायची. कुठलीही खोली वाट्याला येऊ शकते म्हटल्यावर तो दर नीटच लावतो. घरात दोन भावंडांत लाडू वाटताना आई हेच करते, एकानं तोडायचा आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. १४, १२ आणि १० हजार असे दर ठरले, की ते कागदावर.

वीजबिल आणि एसी

इंटरनेट, मेंटेनन्स, पाण्याचा टँकर हे खर्च सारखे वाटले तर सहसा कुणाची तक्रार नसते. खटका उडतो तो विजेवरून, कारण एसी एकाच खोलीत असतो.

दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिटच्या आसपास वीज घेतो असं धरू. रोज रात्री आठ तास चालला तर महिन्याला २४० युनिट. समजा एकूण बिल ५०० युनिटचं आणि ४,००० रुपयांचं आलं. म्हणजे सरासरी ८ रुपये युनिट. एसीवाल्यानं २४० युनिटचे १,९२० आधी बाजूला काढायचे. उरलेले २,०८० तिघांत, म्हणजे प्रत्येकी साधारण ६९३. सारखं वाटलं असतं तर प्रत्येकी १,३३३ पडले असते. पंख्यात झोपणाऱ्यानं दर महिन्याला ६४० रुपये जास्त का द्यावेत?

आपल्याकडे घरगुती विजेचा दर बहुतेक ठिकाणी टप्प्याटप्प्यानं चढतो, वापर वाढला की पुढची युनिटं महाग. त्यामुळे एसी सगळ्या घराला वरच्या टप्प्यात नेतो. सरासरी दरानं हिशेब केला तर एसीवाल्याला थोडी सूटच मिळते, हे लक्षात घ्या आणि त्यावर भांडू नका. युनिटचा अंदाज नको असेल, तर एसीच्या प्लगला लावायचं छोटं मीटर मिळतं. ते एकदा घ्या, वाद संपतो.

मध्येच कुणी घर सोडलं तर?

सगळ्यात जास्त पैसा आणि मैत्री इथे जाते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं असं आहे. पण राज्यानं तो स्वीकारला तरच तिथे लागू होतो. बेंगळुरूसारख्या शहरात त्याहून बरंच जास्त डिपॉझिट मागितलं जातं, आणि घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापण्याची रीतही आहे.

समजा डिपॉझिट १,८०,०००, प्रत्येकी ६०,०००. सात महिन्यांनी एक जण बदली होऊन गेला. नवा आला, त्यानं जाणाऱ्याच्या हातात ६०,००० ठेवले. अकरा महिने संपले, घरमालकानं रंगकामाचे ३६,००० कापले. प्रत्येकाच्या वाट्याला १२,००० आले. नवा माणूस चारच महिने राहिला, पण भिंती अकरा महिन्यांत मळल्या.

न्याय्य हिशेब असा : त्या १२,००० पैकी सात महिन्यांचे, म्हणजे सुमारे ७,६४० रुपये जाणाऱ्यानं सोडून जायचे. म्हणून नव्यानं त्याला ६०,००० नाही, ५२,३६० द्यायचे. मोडतोडीचंही तसंच. जाण्याच्या दिवशी तिघांनी घरभर फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, कपाटाचं बिजागर, गिझर, बेसिनची चीर, सगळं. त्या दिवसापर्यंतचं नुकसान जुन्यांचं, पुढचं नव्यांचं.

घर सोडण्याआधी किती दिवस सांगायचं, बदली माणूस कुणी शोधायचा, आणि तो मिळेपर्यंत भाडं कोण भरणार, हेही आधीच ठरवा. एक महिना आधी सांगायचं, माणूस जाणाऱ्यानं शोधायचा पण उरलेल्या दोघांची पसंती हवी, आणि तोवर वाटा जाणाऱ्यानंच द्यायचा, असा नियम बऱ्याच घरांना मानवतो. नव्याचं नाव घरमालकाच्या करारात घालून घ्यायला विसरू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचा नियम जिथे आहे, तिथे तीही द्या.

कामं : 'सगळ्यांनी' म्हणजे कुणीच नाही

"सगळ्यांनी स्वच्छता ठेवावी" हा नियम नव्हे, सुविचार झाला. नियमात तीन गोष्टी हव्यात : कोण, कधी, आणि काम झालं असं केव्हा म्हणायचं. "ज्यानं शेवटचा स्वयंपाक केला, त्यानं झोपण्याआधी ओटा पुसायचा, सिंक रिकामं करायचं आणि गॅसचा कॉक बंद करायचा" हा नियम. "ओला आणि सुका कचरा वेगळा, खाली नेण्याची पाळी आठवड्यानं बदलायची" हा नियम.

प्रत्येक काम फिरतंच ठेवलं पाहिजे असं नाही. एकाला स्वयंपाक आवडतो, दुसऱ्याला हिशेब. आवडीचं काम कायमचं घ्या. नावडती कामं, म्हणजे संडास-बाथरूम आणि फ्रीज, फक्त ती पाळीपाळीनं करा.

शाकाहार-मांसाहाराचं पहिल्याच दिवशी बोला. मासे चालतील का, कढई आणि तवा वेगळा हवा का, फ्रीजचा कुठला कप्पा कुणाचा. हे विचारण्यात संकोच नको, न विचारता तोंड वाकडं करणं जास्त दुखावतं. पाहुण्यांचंही तसंच. किती रात्री, किती आधी सांगून, आणि आठवड्याहून जास्त राहिला तर वीज-पाण्याचा वाटा कुणी द्यायचा.

कामाला मावशी येत असतील तर एक गोष्ट पाळा. त्यांच्याशी बोलणारा माणूस एकच हवा. तिघांनी तीन वेगळी कामं सांगायची आणि पगाराच्या दिवशी "त्याच्याकडून घ्या" म्हणायचं, हा अन्याय आहे. पगाराची तारीख, महिन्याच्या सुट्ट्या आणि सणाचा बोनस ठरवून ठेवा. तुम्ही सगळे दिवाळीला गावी गेलात तरी त्या महिन्याचा पगार कापायचा नाही, हेही.

जे कुठल्याच करारात नसतं

परक्या शहरात रात्री दोनला एखाद्याला ताप चढला, तर पहिला धावून जाणारा माणूस शेजारच्या खोलीतला असतो. त्याला तुमच्या घरचा नंबर माहीत हवा. रक्तगट, चालू असलेली औषधं, कशाची ॲलर्जी, आरोग्य विम्याचं कार्ड कुठे ठेवलंय, आणि घरच्या एका माणसाचा फोन, एवढं एका चिठ्ठीवर लिहून फ्रीजवर लावा. घरच्यांनाही बाकी दोघांचे नंबर देऊन ठेवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची जबाबदारी हीच.

एका पानाचा आपसातला करार

आता वही घ्या आणि एवढं लिहा :

१. कुणाची कोणती खोली, भाडं किती, कोणत्या तारखेपर्यंत.
२. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती.
३. सामाईक खर्च कोणते. विजेचा हिशेब कसा.
४. कामांची यादी : कोण, कधी, कसं.
५. स्वयंपाकघर, पाहुणे, रात्रीचा आवाज.
६. घर सोडण्याची मुदत, बदली माणूस, रंगकाम आणि मोडतोडीचा हिशेब.
७. फ्रिज, वॉशिंग मशीन अशा वस्तू कुणाच्या. वर्गणीतून घेतलेल्या असतील तर जाताना त्यांचं काय.
८. एकमत झालं नाही तर दोघं म्हणतील ते. पण आहार, देवधर्म आणि स्वतःची खोली यांवर बहुमत चालणार नाही.

खाली तारीख, तिघांच्या सह्या, आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये फोटो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाबरोबर अर्धा तास बसा. हिशेब मिटवा, एखादा नियम जड जात असेल तर बदला आणि बदल लिहा.

"मित्रांत कसला करार?" असं कुणी म्हणेल. मैत्री तुटते ती मुख्यतः दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या म्हणून. एकाला आठवतं "आपण सारखं म्हणालो होतो", दुसऱ्याला आठवतं "एसीचं तू देणार होतास". दोघंही खरं बोलत असतात. कागद असला, की कुणालाच खोटं ठरावं लागत नाही.

या महिन्यात कुणी नव्या घरात जात असेल, तर सामान लावण्याआधी हे पान लिहा. आधीपासून राहत असाल, तर येत्या रविवारी लिहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.