गॅसकटिंग : सिलिंडरचा हिशेब आणि जिवाची काळजी

भोसरी, चाकण या पट्ट्यात भंगार आणि फॅब्रिकेशनच्या कामावर आपली अनेक कुटुंबे जगतात. दहावीनंतर थेट कटर हातात घेणारी मुलेही असतात. हे काम बहुधा उस्तादाकडे बघूनच शिकले जाते. म्हणून त्यामागचे कारणही समजून घेऊ या.

एलपीजीची ज्योत लोखंड कापत नाही, ती फक्त ते लाल करते. लिव्हर दाबल्यावर सुटणारा ऑक्सिजनचा झोत तापलेले लोखंड जाळतो आणि जळालेला भाग उडवून देतो. दाब वाढवला की काम लवकर उरकते, असे अनेकांना वाटते. पण नोझल आणि दाब प्लेटच्या जाडीप्रमाणे नसेल, तर काप रुंद होतो आणि ऑक्सिजन फुकट जातो.

ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर साधारण 150 बार दाबाचा असतो. काटा 75 वर आला की निम्मा संपला समजा. एलपीजीचे तसे नाही. तो आत द्रवरूप असतो, म्हणून काटा जवळजवळ शेवटपर्यंत हलत नाही. शिल्लक वजनावरूनच कळते. गॅस भराभर ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेर बर्फ धरतो आणि दाब उतरतो. अशा वेळी सिलिंडरला ज्योत दाखवणे म्हणजे मौतीला हाक मारणे. काम थोडे थांबवा. सिलिंडर कायम उभाच ठेवा, आडवा केला तर नळीत द्रव उतरतो.

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याला भडकवतो. त्याच्या व्हॉल्व्हला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लागू देऊ नका. अंगावरची धूळ ऑक्सिजनने उडवण्याची सवय तर आजच सोडा. कपड्यांत ऑक्सिजन भरून राहतो, मग एक ठिणगीही पुरते.

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, गटारात साचतो. रोज सकाळी सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा, काडी लावून कधीच नाही. आग उलटी नळीत शिरू नये म्हणून दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर बसवा. बंद पिंप कापायला घेऊ नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

वजूच्या पाण्यातही इस्राफ नको, असे आपण मुलांना शिकवतो. मग गॅसचा आणि जिवाचा इस्राफ कसा चालेल? घरातला मुलगा कटरवर असेल, तर आज रात्री जेवताना त्याला एवढेच विचारा : बेटा, तुझ्या नळीला अरेस्टर आहे का?