मातीच्या कर्बाची खतावणी

लंडनच्या उत्तरेस हार्पेंडेन नावाचे गाव आहे. तेथील रोथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्राच्या कोठारात बूच लावून मोहोरबंद केलेल्या काचेच्या बाटल्या फळ्यांवर ओळीने मांडलेल्या आहेत, आणि त्यांत माती भरलेली आहे. कोणत्या शेताची, कोणत्या तुकड्यातील, किती खोलीवरची आणि कोणत्या सालची, हे प्रत्येकीवरच्या चिठ्ठीत लिहिलेले असते. माती आणि पीक मिळून तीन लाखांवर नमुने या दप्तरात जतन झाले आहेत. जॉन बेनेट लॉझ हा जमीनदार आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट हा रसायनशास्त्रज्ञ या दोघांनी १८४३ साली ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा जो प्रयोग मांडला, तो आजतागायत चालू आहे. पृथ्वीचे हवामान असेच तापत गेले तर जमिनीतील कर्बाचे काय होईल, हा प्रश्न त्या दोघांच्या स्वप्नातही आला नसेल. परंतु त्याचे उत्तर शोधणाऱ्यांना आज पहिला आधार वाटतो तो त्यांच्याच बाटल्यांचा.

आपले शेतकरी ज्याला सेंद्रिय कर्ब म्हणतात तो म्हणजे धसकटे, मुळ्या, पालापाचोळा, शेण आणि मातीतील असंख्य सूक्ष्मजीव यांच्या देहांतून जमिनीत उरलेला कार्बन. तो मातीचे कण एकमेकांशी बांधून ठेवतो, पावसाचे पाणी धरतो आणि पिकाला अन्न पुरवतो. जमिनीचा कस ज्याला आपण म्हणतो त्यातला मोठा वाटा त्याचा. जगभरच्या जमिनींच्या वरच्या एक मीटर थरात असा सुमारे दीड लाख कोटी टन कर्ब साठलेला आहे, आणि वातावरणातील एकंदर कर्बापेक्षाही तो पुष्कळ अधिक आहे. हा साठा स्थिर नसतो. वनस्पतींकडून त्यात सतत जमा होत असते, आणि सूक्ष्मजीव तो खाऊन कर्बवायूच्या रूपाने हवेत सतत खर्ची टाकत असतात. जमा आणि खर्च यांचा मेळ कसा बसतो, यावर शिल्लक ठरते.

ही शिल्लक जमिनीच्या उपयोगाने किती बदलते, याची साक्ष रोथॅमस्टेडची शेते देतात. ब्रॉडबॉकच्या एका तुकड्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळत आले आहे. कधीच खत न मिळालेल्या तुकड्याच्या मानाने त्यातला कर्ब आज दुपटीहून अधिक आहे. १८८२ साली याच शेताच्या एका टोकाचा गहू कापलाच नाही, तो भाग कुंपण घालून सोडून दिला. नांगर थांबला, झुडपे उगवली, पुढे मोठी झाडे आली, आणि जमिनीतील कर्ब दशकामागून दशक वाढत गेला. याउलट हायफील्ड नावाच्या जुन्या कुरणाचा एक भाग १९५९ पासून गवताचे पातेही उगवू न देता उघडा ठेवला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या साठलेला कर्ब पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने ओसरला. हूसफील्डच्या बार्लीच्या शेतात तर १८५२ ते १८७१ अशी वीसच वर्षे शेणखत घालून मग ते कायमचे बंद केले, आणि तरीही शंभर वर्षांनंतर त्या तुकड्यात शेजारच्या बिनखताच्या तुकड्यापेक्षा अधिक कर्ब भरला. कर्ब जाताना घाईने जातो आणि येताना सावकाश येतो. परंतु जो एकदा मातीत मुरला त्याचा काही अंश पिढ्या ओलांडून टिकतो.

या नोंदींच्या आधारे डेव्हिड जेन्किन्सन आणि रेनर या शास्त्रज्ञांनी १९७७ साली गणिताचे एक प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यातूनच पुढे रॉथ-सी हे जगभर वापरले जाणारे प्रतिमान आकारास आले. त्यात मातीचा कर्ब पाच खात्यांत मांडलेला आहे. पहिल्या खात्यात काही महिन्यांत कुजून जाणारा कोवळा वनस्पतिभाग येतो आणि दुसऱ्यात काही वर्षे दम धरणारा काष्ठमय भाग. तिसरे खाते सूक्ष्मजीवांच्या देहांचे आहे. चौथे ह्यूमसचे, म्हणजे कुजून मातीत मुरलेल्या भागाचे, ज्यातला निम्मा कर्ब तेथल्या थंड हवेत, ओल पुरेशी असता, खर्ची पडायला सुमारे ३५ वर्षे लागतात. आणि पाचवे अशा निष्क्रिय कर्बाचे, ज्याला मनुष्याच्या काळगणनेत धक्का लागतच नाही. प्रत्येक महिन्याचे उष्णमान, पाऊस, बाष्पीभवन, चिकणमातीचे प्रमाण आणि शेतात पडणारा पालापाचोळा इतक्या गोष्टी दिल्या की कोणत्या खात्यातून किती गेले आणि कोणत्या खात्यात किती आले, याचा हिशेब प्रतिमान महिन्यागणिक मांडत जाते. जमीन पिकाने झाकलेली असेल तर विघटनाचा वेग उघड्या जमिनीच्या सहा-दशांश धरतात. पिकाच्या अवशेषातला ५९ टक्के भाग चटकन कुजणारा मानतात, तर पानझडी जंगलाच्या पाचोळ्यातला केवळ २० टक्के. भूमी-उपयोगातला भेद असा थेट आकड्यांत उतरतो.

उष्णमानाचा परिणाम जेन्किन्सन यांनी एका साध्या प्रयोगातून पारखला होता. किरणोत्सारी कर्बाची खूण घातलेले राय-गवत त्यांनी इंग्लंडच्या मातीत मिसळले, तेव्हा वर्षभरात त्यातला सुमारे एकतृतीयांश कर्बच मागे उरला. हाच प्रयोग नायजेरियातील इबादान येथे केल्यावर विघटनाचा क्रम हुबेहूब तोच दिसला, पण वेग चौपट होता. प्रतिमानातील उष्णमानाचे सूत्रही ९ अंशांच्या मानाने २६ अंशांना जवळजवळ हाच चौपट वेग देते. मात्र उष्णतेला ओलाव्याची जोड लागते. वैशाखात आपली काळी जमीन तापून भेगाळते तेव्हा उष्णता शिगेला पोचलेली असूनही ओलाव्याअभावी सूक्ष्मजीव निपचित असतात, आणि मृगाचा पाऊस पडला की ऊब व ओल एकाच वेळी मिळून खर्चाचा हंगाम सुरू होतो.

याच प्रतिमानाने जेन्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली असा अंदाज मांडला की, पृथ्वी दरवर्षी ०.०३ अंशाने तापत गेली तर ६० वर्षांत जमिनीतून ६,१०० कोटी टन कर्ब अधिकचा बाहेर पडेल. म्हणजे उष्णतेने कर्ब सुटेल, आणि सुटलेला कर्ब उष्णता आणखी वाढवील. तथापि, हवेतील वाढत्या कर्बवायूने आणि लांबलेल्या हंगामाने वनस्पतींची वाढ अधिक झाली तर जमेची बाजूही वाढते, म्हणून दोन्ही बाजू मांडल्याखेरीज निवाडा करता येत नाही. इंग्लंड आणि वेल्स येथील मातीतून १९७८ ते २००३ या काळात दरवर्षी सुमारे ०.६ टक्के कर्ब कमी झाल्याचे निरीक्षण २००५ साली प्रसिद्ध झाले. ही घट सर्व प्रकारच्या भूमी-उपयोगांत दिसत असल्यामुळे तिचे कारण हवामान मानले गेले. दोनच वर्षांनी प्रतिमानांच्या साहाय्याने पडताळा घेतला गेला, तेव्हा हवामानाच्या पदरी त्या घटीचा फार तर १० ते २० टक्केच वाटा घालता येतो, असे आढळले. मनुष्याने जमीन कशी राखली, याची जबाबदारी हवामानाच्या नावावर टाकून देता येत नाही, हे त्या पडताळ्याने माझ्या मनावर ठसवले.

आपल्या देशातही या हिशेबाला आरंभ झाला आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील शास्त्रज्ञांनी सिंधू-गंगेच्या मैदानातील दीर्घकालीन खतप्रयोगांच्या नोंदींवर रॉथ-सीची, तसेच अमेरिकेतील गवताळ मैदानांच्या अभ्यासातून जन्मलेल्या सेंच्युरी या प्रतिमानाची, पारख केली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवरचा ज्वारी-गव्हाचा खतप्रयोग तीन दशकांहून अधिक काळ चालू आहे. उष्ण देशाची खर्चाची बाजू मुळातच मोठी. आणि आपण मात्र पऱ्हाटी उपटून चुलीला नेतो, उसाचे पाचट शेतातच पेटवतो, शेणाच्या गोवऱ्या थापतो. चूल पेटवण्यावाचून ज्यांना गत्यंतर नाही त्यांना यात दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु घरोघर दुसऱ्या इंधनाची तजवीज होणे हीसुद्धा मातीच्या कर्बाचीच तजवीज आहे, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

जुनी माती जपून ठेवण्याचे मोल पुढे कसे कळते, हेही पाहावे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कर्ब वाढवला आणि तो हळूहळू मातीतही उतरला. तो किती उतरला आणि कोणत्या वेगाने, हे मोजायला चाचण्यांपूर्वीची माती हवी होती, आणि ती एकोणिसाव्या शतकात बूच लावून ठेवलेल्या रोथॅमस्टेडच्या त्या बाटल्यांत मिळाली. आपल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा एक आकडा असतो. तो आकडा त्याच्या रानाच्या खतावणीतली आरंभीची शिल्लक आहे. दर काही वर्षांनी त्याच जागेची माती तपासून जुनी पत्रिका नवीसोबत जपून ठेवली, तर त्याच्या नातवाच्या हाती स्वतःच्याच जमिनीचे दप्तर येईल.