मोटारीतील स्पीकरची निवड आणि मराठी व्यंजने

क्षेत्रकार्य आटोपून परतताना नुकतीच केलेली ध्वनिमुद्रणे मोटारीतच ऐकणारे विद्यार्थी आता पुष्कळ आढळतात. प्रवास चार-पाच तासांचा असतो, मोबाइल मोटारीतील संचाला जोडणे सोपे असते, आणि निवेदकाचे बोलणे स्मरणात ताजे असतानाच मागील आसनावर बसून पहिली टिपणे करून घ्यावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कारखान्यातून मोटारीबरोबर आलेले स्पीकर या कामाला कितपत विश्वासार्ह आहेत, आणि ते बदलावयाचे झाल्यास कोणत्या कसोटीवर निवडावेत, याचा विचार क्वचितच केला जातो. हा विचार अभियांत्रिकीचा आहे, भाषाविज्ञानाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, मराठीतील काही व्यंजनभेदांपुरते तरी हे दोन विचार परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत.

'जग' हा शब्द विश्व या अर्थी उच्चारताना त्यातील 'ज' तालव्य असतो. 'जगणे' या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपात तोच दंततालव्य होतो. 'चार' ही संख्या आणि 'गुरांना चार' मधील 'चार', वार्धक्य या अर्थी 'जरा' आणि थोडे या अर्थी 'जरा', ह्या जोड्याही तशाच. देवनागरी लिपी हा भेद दाखवीत नाही. त्यामुळे ध्वनिलेखन करणाराची सारी भिस्त कानावर असते. शिवाय या दोन ध्वनींची वाटणी बोलीपरत्वे बदलत असल्याने अर्थावरून उच्चाराचा अंदाज बांधणे म्हणजे जे शोधावयाचे तेच गृहीत धरणे होय.

आता हा भेद ध्वनितरंगांत कोठे असतो ते पाहू. दोन्ही व्यंजनांत प्रथम स्पर्श होतो आणि तो सुटताना घर्षण होते. दंततालव्य व्यंजनातील घर्षण 'स'च्या जातीचे असून त्याची ऊर्जा मुख्यत्वे ४,००० हर्ट्झच्या वर असते. तालव्य व्यंजनातील घर्षण 'श'च्या जातीचे असून ते त्याहून खाली, साधारणपणे २,५०० हर्ट्झपासून, प्रबळ होऊ लागते. 'साल' आणि 'शाल' यांतील भेदही ह्याच प्रदेशातला. 'काल' आणि 'काळ', 'मन' आणि 'मण' यांत मूर्धन्याची ओळख बव्हंशी शेजारच्या स्वराच्या तिसऱ्या फॉर्मंटच्या हालचालीवरून पटते, आणि तो साधारणपणे २,००० ते ३,००० हर्ट्झच्या टापूत असतो. उलट बोलण्यातील बहुतांश शक्ती स्वरांची, आणि ती १,००० हर्ट्झच्या खाली साठलेली. म्हणूनच एखादा स्पीकर मोठ्याने बोलतो पण स्पष्ट बोलत नाही, असा अनुभव येतो. फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, इंग्रजी अवयव ओळखण्याच्या कामी सुमारे १,९०० हर्ट्झच्या खालचा आणि वरचा हे दोन्ही भाग सारखेच उपयोगी पडतात, असा निष्कर्ष आहे. तो इंग्रजीपुरता आहे, हे विसरू नये. चकारजकारांची दुहेरी मालिका बाळगणाऱ्या भाषेत वरच्या भागावर अधिक भार पडत असावा, असे मला वाटते.

येथे परिभाषेविषयी दोन शब्द. मराठी वृत्तपत्रांत 'ध्वनिवर्धक' हा शब्द कधी विद्युत्संकेताची शक्ती वाढविणाऱ्या यंत्राला, तर कधी प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या कर्ण्याला लावला जातो. आपल्याला ही सरमिसळ परवडणारी नाही, कारण बदलावयाचा आहे तो दुसरा, आणि पहिला जागच्या जागी राहावयाचा आहे. पहिल्याला येथे ध्वनिवर्धक म्हटले आहे. दुसऱ्याला, 'ध्वनिक्षेपक' हा चांगला शब्द उपलब्ध असूनही, सर्वांच्या तोंडी असलेला 'स्पीकर' हाच शब्द ठेवला आहे.

जागच्या जागी राहणाऱ्या ह्या ध्वनिवर्धकाचे बळ किती? संचावर किंवा त्याच्या पुस्तिकेत बहुधा '५० वॅट, चार वाहिन्या' असे छापलेले असते. एंजिन चालू असताना मोटारीच्या विद्युत्पुरवठ्याचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागल्यास ५१.८ वॅट येतात. छापील आकड्याचे मूळ हेच. परंतु हे गणित अखंड पूर्ण दाबाच्या चौकोनी तरंगाचे आहे, आणि चौकोनी तरंग म्हणजे निव्वळ विकृती. शुद्ध तरंगाला त्याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅटच्या आत मिळतात, आणि मंडलातील घट वजा जाता प्रत्यक्षात १५ ते २० वॅट स्वच्छ शक्ती हाती येते. मग '३०० वॅट' असे मिरविणारा स्पीकर घेऊन काय साधणार? तो आकडा स्पीकर किती सोसू शकतो हे सांगतो, किती आवाज देतो हे सांगत नाही. दुकानदार मात्र बहुधा ह्याच आकड्याकडे बोट दाखवितात.

पाहावयाचा आकडा संवेदनशीलतेचा. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज मिळतो, ते तो सांगतो. तीन डेसिबेलच्या वाढीसाठी शक्ती दुप्पट लागते. तेव्हा ८७ डेसिबेलच्या स्पीकरऐवजी ९० डेसिबेलचा बसविणे हे ध्वनिवर्धक दुप्पट बळाचा करण्यासारखेच आहे, आणि त्याला वेगळा खर्च पडत नाही. मात्र येथेही एक चकवा आहे. काही उत्पादक एक वॅटऐवजी २.८३ व्होल्ट देऊन मापन करतात. ८ ओहमच्या स्पीकरला त्याचा एक वॅट होतो. मोटारीतल्या ४ ओहमच्या स्पीकरला दोन. म्हणजे कागदावरचा आकडा आयता तीन डेसिबेलने फुगतो. दोन स्पीकरांची तुलना करताना मापनाची अट एकच आहे ना, हे आधी पाहावे.

ओहमचा, म्हणजे संरोधाचा, प्रश्न थोडक्यात सांगता येतो. मूळ स्पीकर ४ ओहमचा असेल तर नवा ४ ओहमचाच घ्यावा. २ ओहमचा लावल्यास ध्वनिवर्धकातून दुप्पट प्रवाह ओढला जातो, आणि तशी सोय नसेल तर तो तापून बंद पडतो. स्वतंत्र ध्वनिवर्धक असलेल्या काही महागड्या मोटारींत मूळ स्पीकरच २ ओहमचे किंवा त्याहून कमी संरोधाचे असतात. तेथे ४ ओहमचा लावल्यास बिघाड होत नाही, पण शक्ती निम्मी होते. अशाच मोटारींतून मूळ स्पीकरच्या उणिवा झाकण्यासाठी ध्वनिवर्धकातच काही कंप्रता उचलून धरलेल्या असण्याचा संभव असतो. चांगला स्पीकर लावल्यावर ही भरपाई अनावश्यक होते, पण ती चालूच राहते, आणि खालचे स्वर घुमू लागतात.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. दारातील नेहमीचा स्पीकर साडेसहा इंची, म्हणजे सुमारे १६५ मिलिमीटरचा म्हटला जातो. पण हे माप चौकटीचे असून हलणाऱ्या शंकूचा उपयुक्त व्यास १३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरल्यास १३ सेंटिमीटर तरंगलांबी सुमारे २,६५० हर्ट्झला येते. ह्या मर्यादेच्या वर शंकूचा आवाज चोहोकडे न पसरता समोरच्या दिशेने एकवटू लागतो. आणि समोर काय असते? बसणाराची पोटरी किंवा गुडघा. कानापर्यंत पोचतात ते स्वर. 'स', 'श' आणि दंततालव्य घर्षण पायापाशीच राहते. मागच्या दारांत स्पीकरच नसलेल्या मोटारीत मागे बसलेल्याची स्थिती याहून बिकट असते.

ह्यासाठीच उच्च कंप्रतांचा वेगळा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, लागतो. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात ट्वीटर मोठ्या शंकूच्या मध्यावरच बसविलेला असतो. त्याला कोअॅक्शियल म्हणतात. दुसऱ्यात, ज्याला कंपोनंट म्हणतात, तो सुटा असून आरशाजवळच्या त्रिकोणात किंवा काचेच्या खांबावर, कानाच्या उंचीला लावता येतो. संगीतासाठी कोणता बरा, ह्या वादात मी पडत नाही. बोलणे ऐकण्यासाठी सुटा ट्वीटर श्रेयस्कर, याविषयी मला शंका नाही. मागच्या दारात मात्र बहुधा कोअॅक्शियलवरच भागवावे लागते. तेथे ट्वीटर थोडा वळविता येईल असा नमुना मिळाल्यास तो घ्यावा.

मोटारीत आधीच ट्वीटर असेल तर काम झाले असे मानू नये. पुष्कळदा त्याच्या मार्गात खालच्या कंप्रता अडविणारे एकच धारित्र असते. ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले असेल तर तो सुमारे ८,५०० हर्ट्झपासून पूर्ण बळाने बोलू लागतो. १० मायक्रोफॅरडचे असेल तर ४,००० हर्ट्झपासून. पहिल्या रचनेत शंकू २,६५० हर्ट्झनंतर कानाकडे पाठ फिरवितो आणि ट्वीटर ८,५०० हर्ट्झपर्यंत पुरता जागा होत नाही. मधल्या खिंडीत नेमके आपले चकारजकार सापडतात. झांज उत्तम वाजते, गायकाचा आवाज भरदार लागतो, म्हणून मालक संतुष्ट असतो; 'जग' कोणते, ते मात्र कळत नाही. तेव्हा विकत घेताना दोन भागांची सांधजोड कोणत्या कंप्रतेवर केली आहे, हे विचारावे. ती ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या दरम्यान असेल तर बरे.

दाराविषयी एवढेच की, पत्र्यातील मोकळी भोके बुजविल्याशिवाय शंकूच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात, आणि चौकटीभोवती फोमची पट्टी नसल्यास दार कुरकुरते. खोली मोजताना काच पूर्ण खाली घेऊन मोजावी. पावसाळ्यात काचेवरचे पाणी दाराच्या आतून ओघळते, म्हणून काढलेला प्लास्टिकचा पडदा परत नीट चिकटवावा. कोकणात वावरणाऱ्या मोटारीत कागदी शंकूपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा शंकू टिकतो.

स्पीकर कितीही चांगला असला तरी जे त्याच्यापर्यंत आलेच नाही ते तो देऊ शकत नाही. जुन्या धर्तीच्या दूरध्वनीचा पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झचा. त्यावरून घेतलेल्या मुलाखतीत दंततालव्य घर्षणाचा बराचसा भाग मुळातच गळालेला असतो. मध्यम लहरींवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचे अंतर असल्याने ग्राहकसंच ध्वनीला बहुधा ४,५०० हर्ट्झच्या आतच रोखतात. एफ.एम.वर ही मर्यादा १५,००० हर्ट्झपर्यंत जाते, आणि क्षेत्रकार्यातील चांगले ध्वनिमुद्रण याहूनही पुढे जाते.

निवडीची अखेरची परीक्षा कानानेच करावी. वर दिलेल्या जोड्यांतील शब्द 'मी — म्हणालो' अशा एकाच वाक्यचौकटीत, क्रम विसकटून, प्रत्येकी तीनदा ध्वनिमुद्रित करावेत. उच्चार करणारी एक स्त्री आणि एक पुरुष असावा. ज्याला क्रम ठाऊक नाही अशा व्यक्तीने ते आधी चांगल्या हेडफोनवर, नंतर मोटारीत एंजिन बंद ठेवून, आणि शेवटी ठरावीक वेगाने मोटार चालली असता मागील आसनावरून ऐकून उत्तरे लिहावीत. हेडफोनवर बरोबर आलेली उत्तरे थांबलेल्या मोटारीत चुकत असतील तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या जागेचा आहे. चुका केवळ चालत्या मोटारीत होत असतील तर मुख्य दोष चाकांच्या व वाऱ्याच्या गोंगाटाचा; तेथे अधिक संवेदनशील स्पीकर काहीसा उपयोगी पडतो, खालचे स्वर वाढविणारा मुळीच नाही, कारण रस्त्याचा गोंगाटही मुख्यतः खालच्याच कंप्रतांचा असतो. ही यादी जुने स्पीकर काढण्यापूर्वी एकदा ऐकून तिची उत्तरे जपून ठेवावीत, म्हणजे नव्यांशी तुलना करता येईल.