तासांवर मोजलेले अध्यापक

मुक्तीपूर्वी गोमंतकीय तरुणाला कला वा विज्ञान शाखेच्या पदवीसाठी बेळगाव, धारवाड किंवा मुंबई गाठावी लागे. १९६२ साली पणजीत धेंपे व मडगावात चौगुले महाविद्यालय उभे राहिले, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि ही परवड संपली. येथेच शिकून येथेच शिकवावे, ही आकांक्षा त्यातून स्वाभाविकपणे रुजली. आज मात्र ती ‘लेक्चर बेसिस’ या दोन शब्दांपाशी अडकून पडते.

सहाय्यक प्राध्यापक होण्याची वाट मुळातच खडतर आहे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आणि नेट वा सेट, अथवा पीएच.डी. एवढे करून उमेदवार मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयीन उमेदवारांच्या छाननीसाठी पीएच.डी.ला २५, नेटला ८ व सेटला ५ गुण दिले. अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला २, तेही कमाल १०. हे गुण केवळ पाचारणापुरते, निवड मुलाखतीवरच!

त्याच नियमावलीने कंत्राटी नेमणुका एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांपर्यंतच मर्यादित ठेवल्या आणि अशा अध्यापकाचे वेतन नियमित सहाय्यक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे, असे बजावले. पूर्वसेवा पदोन्नतीसाठी धरायची, तर रीतसर निवड समिती आणि हे समान वेतन, या अटी घातल्या. तासांवर राबणारा अध्यापक नेमका येथेच मारला जातो. सुट्टीत तास नाहीत म्हणून मानधन नाही, आणि पुढे कायम झाला तरी उमेदीच्या त्या वर्षांना हिशेबात स्थान नाही.

तरुणांनी म्हणूनच सावध राहिले पाहिजे. नेमणूक कोणत्या रिक्त पदावर, निवड समितीमार्फत की तोंडी, हे विचारण्यात संकोच नसावा. नियुक्तिपत्र व अनुभवाचा दाखला लेखीच घ्यावा. तासांच्या धावपळीत पीएच.डी. वा नेट मागे पडू देणे आत्मघातकी ठरते.

परंतु शहाणपणाचा सारा भार उमेदवारानेच का वाहावा? प्राध्यापकाची निवृत्तीची तारीख तो रुजू होतो त्याच दिवशी ठाऊक असते. तरीही पद रिकामे झाल्यावरच फाइल हलू लागते, ही अनास्था अक्षम्य होय. निवृत्तीच्या वर्षभर आधी जाहिरात आणि मुलाखतीचे निकष आगाऊ प्रसिद्ध करणे, एवढे सरकार व संस्थाचालकांनी केले तरी पुष्कळ साधेल. ज्याला स्वतःच्या पुढल्या जूनची शाश्वती नाही, त्याने विद्यार्थ्यांना भविष्याचा भरवसा कोणत्या तोंडाने द्यावा?